चौदा माणसं, चार पट्टे

साइटवर त्याला सगळे 'फॉरीन' म्हणत. तोंडावर 'फॉरीनसाहेब', पाठ वळली की नुसतं 'फॉरीन'. अकरा वर्षं तो तिकडे, एका श्रीमंत देशात, परांच्या बांधायच्या कामावर होता आणि परत आल्यावर पहिले सहा महिने त्याचं प्रत्येक वाक्य 'तिकडे ना' असंच सुरू व्हायचं. तिकडे ना, रस्त्यात हातभर खड्डा खणायचा तरी आधी चारी बाजूंनी कठडा उभा करतात. तिकडे ना, विटा उचलताना कसं वाकायचं याचाही वर्ग असतो. गवंडी ऐकून घ्यायचे, विडी विझवायचे आणि विचारायचे, "साहेब, मग परत कशाला आलात?"  तिकडच्या कामाच्या परवान्याची मुदत संपली होती, एवढंच.

तिकडचा एक किस्सा मात्र तो रंगवून सांगायचा. एकदा हातातून निसटलेला पाना उचलायला त्याने दोन मिनिटं आपल्या सुरक्षा पट्ट्याचा हूक सोडला, तर तिथल्या मुकादमाने शिट्टी मारून सगळं काम थांबवलं. मुकादम कोण, तर एक पोरगेली बाई. तिने त्याला खाली उतरवलं, खोलीत बसवून तासभर झापलं आणि दिवसभर वर चढू दिलं नाही. "माझ्या एका जिवासाठी चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसली होती," असं म्हणताना त्याची छाती फुगायची. त्या दिवशी तो त्या बाईला मनातल्या मनात किती शिव्या घालत होता, ते तो सांगत नसे.

याच अनुभवावर त्याला इकडे एका पाच मजली इमारतीवर सुपरवायझरची नोकरी मिळाली. इमारत बांधून घेणारी कंपनी परदेशातली आणि शिस्तीची. तिची अट अशी, की उंचावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचा पट्टा लावलेला फोटो रोज सकाळी साडेनऊपर्यंत पोहोचला पाहिजे. पट्टा म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांमधून आवळायचा, मागे दोरी आणि दोरीला हूक. हूक लोखंडाला अडकवला की पाय घसरला तरी माणूस लोंबकळतो, पण खाली येत नाही. उंचावर माणसं होती चौदा. ठेकेदाराने पट्टे आणले चार.

फॉरीनने एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. ठेकेदार चहाचा घोट घेत हसला.

"हे बघ, तिकडचे लोकसुद्धा शंभर वर्षांपूर्वी असेच पटापटा पडत होते. पडून पडून शहाणे झाले, मग त्यांनी नियम केले. आपला देश आत्ता कुठे उभा राहतोय. लेकरू उभं राहताना गुडघे फुटतातच की नाही? आधी देश मोठा होऊ दे, मग पट्ट्यांचं बघू. आत्ता आपला नंबर आहे."

हे त्याला पटलं. खरी लाजेची गोष्ट हीच, की त्याला ते पटलं, आणि पटलं कारण ते सोयीचं होतं. वर जाऊन भांडायला नको, नोकरीवर टाच यायला नको. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण अकरा वर्षांत कमावलेली अक्कल त्याने पणाला लावली आणि फोटोची युक्ती स्वतःच काढली. आधी चौघांनी पट्टे लावायचे, हूक अडकवायचा, फोटो. मग काढून पुढच्या चौघांना द्यायचे. पूर्वी फोटो स्टुडिओत एकच कोट खुंटीवर असायचा आणि अख्खं गाव तोच घालून फोटो काढायचं, तसं. चार, चार, चार आणि दोन. वीस मिनिटांत चौदा फोटो, चौदा सुरक्षित माणसं. नऊ वीसला पट्टे गोळा व्हायचे आणि स्टोअरला कुलूप लागायचं. सिमेंटने मळले तर फोटोत जुने दिसतील, असं कारण होतं. कंपनीकडून दर महिन्याला कौतुकाचं पत्र यायचं आणि ते ठेकेदार टेबलाच्या काचेखाली लावायचा.

त्या चौदांमध्ये त्याचे दाजीही होते.

ताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून ते कान धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. अजूनही ती त्याला 'धाकट्या' म्हणायची आणि धाकट्याचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. तिचा नवरा गवंडी. गिलाव्यात हात असा, की भिंतीवर तिरपा उजेड पाडला तरी कुठे सावली दिसू नये. बावन्न वर्षांचे दाजी आजवर बैठी घरं, फार तर एक मजला, असली कामं करत आलेले. त्यांना या इमारतीवर यानेच आणलं. ताई नको म्हणत होती. "एवढ्या उंचावर या वयात?" तर हा म्हणाला, "ताई, परदेशी कंपनीचं काम आहे. सगळं नियमाने चालतं. आणि मी आहे ना तिथे." मग ती तयार झाली.

पहिल्या दिवशी दाजींनी पट्टा चढवला, फोटोला ऐटीत उभे राहिले आणि पाच मिनिटांत पट्टा परत मागितल्यावर मिश्कील हसले. "लावायचा कसा ते शिकवलंत साहेब, आता नुसता काढायचा सराव राहिला." साइटवर ते त्याला थट्टेने साहेबच म्हणायचे. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"अरे, हा दिवसभर नाही का ठेवायचा अंगावर? तू ती गोष्ट सांगायचास ना, शिट्टीवाल्या बाईची."

"दाजी, तिकडची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "आपण अजून तेवढे पुढारलो नाही. जपून करा म्हणजे झालं."

"बरं," दाजी म्हणाले. मेहुण्याला अडचणीत आणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर ते चढून गेले.

दोन महिने ते जपून करत होते. मग एका मंगळवारी, पावणेबाराच्या सुमारास, खिडकीच्या कोपऱ्यावर गिलावा ओढायला ते जरा बाहेर वाकले आणि पायाखालची फळी एका टोकाने उचलली गेली. ओरडलेसुद्धा नाहीत. आधी हातातली थापी खाली आली, तिच्या मागोमाग ते. वाळूच्या ढिगाच्या कडेला पडले म्हणून वाचले. खुब्याचं हाड मोडलं, पाठीचे दोन मणके दबले. डॉक्टर म्हणाले, "चालतील, काठी घेऊन. परांची मात्र विसरा."

ताई इस्पितळात धावत आली तेव्हा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तिने त्याचे दोन्ही दंड धरले आणि पहिला प्रश्न विचारला.

"पट्टा नव्हता का रे त्यांना?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण माणसाची जीभ मोठी लबाड. ती आधी ज्याच्या तोंडात आहे त्याला वाचवते आणि मग विचार करायला वेळ देते.

"दिला होता, ताई. सकाळी लावलाही होता. फोटो आहे माझ्याकडे."

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याने फोन काढून फोटोसुद्धा दाखवला. दाजी पट्टा लावून, पोट आत घेऊन, हसत उभे. ताईने तो फोटो बराच वेळ पाहिला.

"म्हणजे यांनीच काढला," ती म्हणाली. तो काही बोलला नाही. इतकं सोपं होतं ते.

ठेकेदार तर खूशच झाला. संध्याकाळी त्याने फॉरीनच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या फोटोने तारलं बघ आपल्याला. कामगार खात्याचा अधिकारी पुढच्या गुरुवारी जबाब घ्यायला येतोय. पट्टा दिला होता, त्याने स्वतःच्या मर्जीने काढला, एवढंच सांगायचं. त्याची चूक ठरली की भरपाईचा प्रश्नच मिटला. इस्पितळाचं काय ते मी माणुसकी म्हणून बघतो." ठेकेदाराची माणुसकी किती दिवस पुरते, ते साइटवर सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवार यायला आठ दिवस होते. ते आठ दिवस त्याचे कसे गेले, ते त्याच्या बायकोला विचारा. ताटावर बसायचा आणि उठायचा. आरशासमोर दाढी करताना मान खाली. ती विचारायची, "तुम्हाला काय होतंय?" तर म्हणायचा, "दाजींची काळजी." काळजी होतीच. पण काळजी करणाऱ्याला झोप लागत नाही ती वेगळी, आणि याची उडालेली झोप वेगळी. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे रोज इस्पितळात जाणं. चौथ्या दिवशी तो सफरचंदं घेऊन गेला तर वॉर्डाच्या दारातच त्याला ताईचा आवाज ऐकू आला. ताई नवऱ्याला धारेवर धरत होती. शेजारच्या खाटांवरचे रोगीसुद्धा कान टवकारून ऐकत होते.

"पन्नाशी उलटली तरी माणसाला अक्कल नाही म्हणजे काय म्हणावं! माझ्या भावाने हातात पट्टा दिला, फोटोपुरता लावलात आणि दिला काढून. का? टोचत होता? राजेसाहेबांना काचत होता? आता झोपा असे उताणे. वर त्याची मान खाली घातलीत ती वेगळीच."

दाजी छताकडे बघत पडले होते. ते काय म्हणतात म्हणून हा दारातच थांबला.  आता सांगतील. सांगू देत, सुटेन तरी.

"उकडत होतं गं," दाजी म्हणाले.

सफरचंदांची पिशवी तिथल्या आयाच्या हातात देऊन तो तसाच जिना उतरला. रस्त्यावर येऊन एका भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. चांगला बेचाळीस वर्षांचा माणूस भर दुपारी उभ्या उभ्या रडतोय, म्हणून येणारेजाणारे बाजूने वळून जात होते. दाजींनी त्याच्या खोट्याला स्वतःचं खोटं जोडून दिलं होतं. न मागता, न खुणावता. आणि वर त्याच्याच बहिणीच्या शिव्या खात होते. आपण नीच आहोत, हे माणसाला आयुष्यात क्वचितच इतकं स्वच्छ दिसतं.

तरी तो लगेच काही बोलला नाही. बुधवारपर्यंत रोज ठरवायचा आणि रोज नोकरीचा, पोरीच्या शाळेचा, ठेकेदाराच्या चेहऱ्याचा विचार करून गप्प बसायचा. गुरुवारी सकाळी मात्र तो अधिकाऱ्याच्या तासभर आधी इस्पितळात पोहोचला. ताई वॉर्डाच्या टोकाच्या नळावर दाजींचा टॉवेल पिळत होती.

"ताई, दाजींनी पट्टा काढला नव्हता."

"मग?"

"मी काढून घेतला होता. रोजच घ्यायचो, सगळ्यांचे. फोटो झाला की कुलपात. चौदा माणसांत चारच पट्टे होते."

ताई टॉवेल पिळतच राहिली. त्यातून एक थेंबही येत नव्हता.

"आणि हे म्हणतात ते? उकडत होतं?"

"मला वाचवायला."

ती नळाकडे तोंड करून उभी राहिली. आठ दिवस आपण कुणाला काय काय बोललो, ते तिला आठवत असणार. कारण मध्येच तिने डोळे गच्च मिटले.

"तिकडे असतास तर असं केलं असतंस?"

"नाही."

"का नाही?"

त्याला ठेकेदाराचं सगळं पुराण तोंडपाठ होतं. शंभर वर्षं, उभा राहणारा देश, फुटणारे गुडघे, आपला नंबर. पण ज्या बाईच्या घरात तो नंबर लागला होता, तिच्या तोंडावर ते बोलायला त्याची जीभ उचलेना.

"तिकडे करू दिलं नसतं," तो म्हणाला.

"आणि इकडे कोणी अडवलं नाही."

"हो."

"माणसं तीच रे, धाकट्या. तिकडे पडली तरी हाडंच मोडतात." तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "साहेब आले की आत ये. मी बोलावणार नाही. तुझं तू ये."

अधिकारी दहाला आला. वाळकासा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. खाटेशेजारच्या स्टुलावर बसला, मांडीवर फाइल ठेवली आणि छापून आणलेला फोटो दाजींच्या डोळ्यांपुढे धरला.

"हे तुम्हीच ना?"

"मीच."

"पट्टा मिळाला होता तर. मग पडताना अंगावर का नव्हता?"

"काढला होता, साहेब. उकडत होतं."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. ताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती भावाकडे बघतसुद्धा नव्हती. खिडकीबाहेर कुठेतरी बघत होती. फॉरीन दारातून आत आला.

"साहेब, ते खोटं बोलतायत. पट्टा मी काढून घेतला होता."

"ए, तू गप्प बस," दाजी म्हणाले. "साहेब, लक्ष नका देऊ. हळवा आहे तो."

"थांबा, थांबा." अधिकारी वैतागला. "माझं लिहून झालंय. मला जबाबात खाडाखोड चालत नाही. नवीन कागद घ्यावा लागेल."

"घ्या," फॉरीन म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. नऊ वाजताचा फोटो, चार-चार-चार-दोन, कुलूप, युक्ती कोणाची होती तेही. ठेकेदार काय म्हणाला ते सांगितलं आणि आपल्याला ते पटलं होतं हेही सांगितलं. अधिकारी लिहीत होता. दाजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"आठ दिवस हिच्या शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले, "त्या सगळ्या पाण्यात घातल्यास तू."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. ताईच्याही ओठांची कड जरा हलली आणि फॉरीनला वाटलं, बहुतेक निभावलं. त्याला हलकं वाटलं. अजून एक गोष्ट पोटात होती, ती त्याने ताईलाही सांगितली नव्हती, आणि आता ती कोणी विचारणारही नव्हतं.

अधिकाऱ्याने लिहिलेलं पुन्हा वाचलं. "एकूण पट्टे चार. बरोबर? मग अपघात झाला त्या वेळी चारही पट्टे स्टोअरमध्ये, कुलपात. असं लिहू?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"तीन," तो म्हणाला.

"तीन कुलपात. मग चौथा?"

अकरा वर्षांची सवय. पट्ट्याशिवाय परांचीवर पाऊल टाकलं की त्याच्या पोटऱ्या थरथरायच्या. म्हणून रोज फोटो संपले की चारांतला चांगला पट्टा तो स्वतः चढवायचा आणि संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. सुपरवायझरला कोण विचारणार? त्या मंगळवारी पावणेबाराला तो खाली, सिमेंट कालवायच्या यंत्रापाशी, फोनवर बोलत उभा होता. जमिनीवर. पट्टा तसाच अंगावर होता. तो धावत गेला तेव्हा हूक गुडघ्यावर आपटत होता आणि त्याने दाजींचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा मांडीवर पट्टा आवळलेला होता.

"माझ्या अंगावर," तो म्हणाला. "मी खाली उभा होतो."

वॉर्डात कोणी हसलं नाही. दाजींनी डोळे मिटून घेतले.

"ते कशाला सांगितलंस?" ते हळूच म्हणाले. "मी पाहिलं होतं तेव्हाच. ते मी हिला मरेपर्यंत सांगणार नव्हतो."

अधिकाऱ्याने ती ओळ लिहिली आणि कागद पुढे केला. तो ताईने घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत, सावकाश वाचला. मग दाजींच्या खाटेच्या कठड्यावर ठेवून तो सरळ केला आणि भावापुढे पेन धरलं.

"कर सही," ती म्हणाली.